आपल्याकडच्या उद्योजकाचं नाव पद्म पुरस्काराला कसं पाठवायचं

जालन्याचे बियाणेवाले, लातूरचे डाळमिलवाले, अशा कुणाचं तरी नाव मोठ्या पुरस्काराला द्यायचंय म्हणून बरेच जण विचारायलेत, तर आधी अर्थशास्त्राचं नोबेल डोक्यातून काढा, तिथं ठराविक लोकच नाव सुचवू शकतात आणि ते पण संशोधनासाठी, धंदा मोठा केला म्हणून नाही. आपल्यासाठी पद्म, त्यात व्यापार आणि उद्योग हे वेगळं क्षेत्रच आहे. नाव कोणीही देऊ शकतं, अगदी स्वतःचं पण (शोभतं का ते तुमचं तुम्ही बघा). नोकरीत असलेले सरकारी कंपनीचे साहेब मात्र यात बसत नाहीत.

फॉर्म राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाईनच भरायचा. खरी मेहनत आहे कामाच्या माहितीत, जास्तीत जास्त 800 शब्द. तिथं थोर, दानशूर, कर्मयोगी असलं बॅनरवरचं नको, वाळूजच्या कारखान्यात किती पोरं कामाला लागली, किती शेतकऱ्यांचा माल घेतला, दुष्काळात पगार चालू ठेवले का, असं आकड्यात लिहा आणि ते आकडे त्यांच्या सीएकडून तपासून घ्या. मुदत पोर्टलवर बघा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नावं 26 जानेवारीच्या तोंडावर जाहीर होतात, तोवर चौकात फ्लेक्स लावू नका म्हणजे झालं.