भट्टीतला थर्मोकपल: बसवणी, जोडणी आणि चुकीचा आकडा पकडण्याच्या चाचण्या

भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये गिअर, शाफ्ट, पिन यांचं भवितव्य कंट्रोलरवरच्या एका आकड्यावर ठरतं. जॉब तेलात टाकल्यावर तडकला किंवा कडकपणा कमी आला, की आधी स्टीलवर संशय जातो, मग तेलावर, मग ऑपरेटरवर. थर्मोकपलची, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणाऱ्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडीची, पाळी सगळ्यात शेवटी येते. खरं तर ती पहिली यायला हवी, कारण तो तपासायला अर्धा तास पुरतो.

ही माहिती ८०० ते ९५० अंश सेल्सिअसवर चालणाऱ्या, इलेक्ट्रिक किंवा गॅसच्या भट्टीतल्या के टाइप थर्मोकपलची आहे. सगळे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

व्होल्टेज कुठे तयार होतं

बहुतेकांचा समज असा, की दोन तारा जिथे वेल्ड केल्या आहेत त्या टोकाला व्होल्टेज तयार होतं. तसं नाही. तारेच्या ज्या भागात एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड असा उतार आहे, तिथे ते तयार होतं. भट्टीच्या बाबतीत हा भाग म्हणजे भिंतीतून जाणारे वीतभर. टोकापाशी सगळं एकाच तापमानाला असतं, त्यामुळे तिथली तार व्होल्टेजमध्ये जवळजवळ काहीच भर घालत नाही.

ही एक गोष्ट पक्की कळली की पुढचे बरेच नियम आपोआप सुचतात. वापरलेला थर्मोकपल वर ओढू नये किंवा आणखी आत ढकलू नये, कारण भट्टीत भाजून बदललेली तार नेमकी उताराच्या जागी येते आणि आकडा सरकतो. तसंच, सहा महिने वापरलेला के टाइप काढून लॅबमध्ये कॅलिब्रेशनला पाठवण्यात फारसा अर्थ नाही. लॅबच्या भट्टीत तो वेगळ्या खोलीवर बसतो, उतार तारेच्या दुसऱ्याच भागावर पडतो, आणि सर्टिफिकेटवरचा आकडा तुमच्या भट्टीला लागू होत नाही. वापरातला थर्मोकपल जागेवरच तपासायचा.

निवड

के टाइपची पॉझिटिव्ह तार क्रोमेल, म्हणजे निकेल आणि साधारण १० टक्के क्रोमियम. निगेटिव्ह अल्युमेल, ज्यात निकेलबरोबर थोडं अल्युमिनियम, मँगनीज आणि सिलिकॉन असतं. दर अंशाला सुमारे ०.०४१ मिलिव्होल्ट मिळतात. ऑर्डर देताना क्लास १ मागा. ८५० अंशावर क्लास २ ला सुमारे ६.४ अंशांची चूक माफ आहे, क्लास १ ला ३.४.

तार जाड घ्या. या तापमानाला ३ मि.मी.च्या आसपास जाडीची तार सिरॅमिक मण्यांमध्ये ओवलेली असावी, पातळ तार लवकर वाया जाते. बाहेरची ट्यूब हवेच्या भट्टीत एसएस ३१० चालते. कार्ब्युरायझिंगच्या, म्हणजे स्टीलच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणाऱ्या, भट्टीत इन्कोनेल घ्यावी, आणि तिचं आतलं माप ऐसपैस असावं. अरुंद ट्यूबमध्ये आतला ऑक्सिजन लवकर संपतो आणि त्यातून जो रोग होतो त्याबद्दल पुढे सांगितलं आहे. एंडोथर्मिक गॅसमध्ये (अशा भट्टीत भरतात तो हायड्रोजन असलेला गॅस) के टाइप पुन्हापुन्हा बिघडत असेल तर एन टाइपवर, म्हणजे वेगळ्या मिश्रधातूंच्या थर्मोकपलवर, जा. मात्र तेव्हा केबल आणि कंट्रोलरची सेटिंगही एन करावी लागते. नुसता थर्मोकपल बदलून भागत नाही.

बसवणी

ट्यूबच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान १० पट लांबी भट्टीच्या आतल्या गरम जागेत हवी. भिंतीची जाडी त्यात धरायची नाही. २२ मि.मी.ची ट्यूब असेल तर भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून पुढे २२० मि.मी. यापेक्षा कमी ठेवली तर ट्यूब स्वतःच उष्णता बाहेर वाहून नेते आणि टोक भट्टीपेक्षा थंड राहतं.

टोक चार्जच्या, म्हणजे भट्टीत भरलेल्या मालाच्या, जवळ असावं, पण हीटरला किंवा बर्नरच्या ज्वाळेला थेट सामोरं नको. टोक ट्यूबच्या तळाला टेकलेलं असावं. भिंत आणि ट्यूब यांच्यामधली फट सिरॅमिक ब्लँकेटने भरा, नाहीतर तिथून गरम हवा निघून हेड, म्हणजे थर्मोकपलच्या बाहेरच्या टोकाची जोडणीची डबी, भाजतं. हेड भिंतीपासून इतकं लांब हवं की त्यावर हात जेमतेम ठेवता येईल. भट्टीत बसवल्यावर ट्यूबवर फ्लँजपाशी खूण करा आणि खोलीचं माप लिहून ठेवा. पुढच्या वेळी नवा थर्मोकपल त्याच मापावर बसवायचा आहे.

जोडणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या वर्षानुवर्षं लपून राहतात.

हेडपासून कंट्रोलरपर्यंत के टाइपचीच केबल लागते. साधी तांब्याची वायर चालत नाही. केबल दोन प्रकारची मिळते. केएक्समध्ये तारा थर्मोकपलच्याच मिश्रधातूच्या असतात. केसीबीमध्ये तांबं आणि कॉन्स्टंटन असतं. ती स्वस्त पडते, पण हेड १०० अंशांच्या वर गेलं की चुकते. केबलचं टोक सोलून पाहा. एक तार लालसर तांब्याची दिसली तर ती केसीबी.

रंगांचा घोळ नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के टाइपची पॉझिटिव्ह हिरवी आणि निगेटिव्ह पांढरी. अमेरिकन पद्धतीत पॉझिटिव्ह पिवळी आणि निगेटिव्ह लाल. आपल्याकडच्या पॅनलमध्ये दोन्ही सापडतात. लाल म्हणजे पॉझिटिव्ह ही इलेक्ट्रिशियनच्या हाताची सवय असते, आणि इथे ती नेमकी उलटी पडते. खात्री नसेल तर चुंबक लावा: थंड असताना अल्युमेल चिकटतं, क्रोमेल चिकटत नाही. केएक्स केबललाही हीच खूण लागू आहे.

तारा एकाच टोकाला उलट्या जोडल्या तर भट्टी तापताना आकडा खाली जातो आणि चूक लगेच कळते. पण केबल हेडमध्येही उलटी आणि कंट्रोलरवरही उलटी जोडली गेली, तर आकडा व्यवस्थित चढतो आणि कुणालाच शंका येत नाही. हेड ७० अंशांवर आणि पॅनल ३५ वर असेल तर कंट्रोलर अशा वेळी ७० अंश कमी दाखवतो. म्हणजे ८५० दिसत असताना भट्टीत ९२० असतात. तांब्याची वायर वापरली तर त्याच परिस्थितीत ३५ अंश कमी. ईएन ८ किंवा ईएन १९ सारखं स्टील इतकं जास्त तापलं की दाणा मोठा होतो, जॉब वाकतो आणि क्वेंचमध्ये, म्हणजे तेलात झटकन थंड करताना, तडे जातात. स्टील मात्र निर्दोष असतं.

केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, निदान ३०० मि.मी. अंतर ठेवा. शील्ड, म्हणजे केबलवरचं धातूचं आवरण, फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करा. थायरिस्टरवर चालणाऱ्या भट्टीत आकडा थरथरत असेल तर पहिलं कारण हेच असतं.

शॉर्टची चाचणी

वरच्या चुका पकडायला एवढी सोपी चाचणी दुसरी नाही. हेड गरम असताना करायची, म्हणजे भट्टी चालून तापल्यावर.

१. हीटरचा मेन आयसोलेटर बंद करा आणि कुलूप लावा. गॅसची भट्टी असेल तर बर्नर बंद करून गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. कंट्रोलरची वीज चालू राहू द्या. ही पायरी टाळली तर तापमान पडलं असं समजून कंट्रोलर पूर्ण ताकदीने हीटर चालू करेल आणि अख्खा चार्ज जळेल.

२. पॅनलमधल्या टर्मिनलजवळचं आणि हेडमधलं तापमान हातातल्या थर्मामीटरने मोजून लिहा. समजा ३५ आणि ७०.

३. कंट्रोलरच्या इनपुटवरची केबल काढून दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा ३५ च्या जवळपास आला पाहिजे. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर कंट्रोलरचं कोल्ड जंक्शन, म्हणजे टर्मिनलजवळचं तापमान मोजून आकड्यात मिळवणारा भाग, बिघडलं आहे.

४. केबल परत जोडा. आता हेडमध्ये थर्मोकपलच्या तारा सोडवून केबलची दोन टोकं एकमेकांना जोडा. आकडा ७० आला तर केबल बरोबर. ३५ आला तर केबल तांब्याची आहे. शून्याच्या आसपास आला तर केबल दोन्ही टोकांना उलटी आहे.

ज्यांच्याकडे मिलिव्होल्ट मोजणारा चांगला मीटर आहे त्यांनी कंट्रोलरवरून केबल काढून तिच्यावरचं व्होल्टेजही बघावं. भट्टी ८५० आणि पॅनल ३५ असेल तर ३३.९ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. के टाइपच्या अंश-मिलिव्होल्ट तक्त्यात ८५० ला ३५.३१३ आहेत. त्यातून ३५ अंशांचे १.४०७ वजा करायचे. ही वजाबाकी विसरून थेट तक्ता लावला तर ८१५ अंश येतात आणि उगाच गोंधळ होतो.

जागेवरची तपासणी

शॉर्टच्या चाचणीत केबल आणि कंट्रोलर कळतात, थर्मोकपल कळत नाही. त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट असलेला दुसरा थर्मोकपल आणि वेगळा मीटर लागतो. त्याचं टोक कंट्रोलच्या टोकापासून ५० मि.मी.च्या आत आणा. त्यासाठी ट्यूबशेजारी एक कायमचं भोक ठेवलेलं बरं. भट्टी कामाच्या तापमानाला स्थिर होऊ द्या, १५ ते २० मिनिटं थांबा, मग दोन्ही आकडे एकाच वेळी लिहा.

समजा कंट्रोलर ८५० दाखवतो, तपासणीचा मीटर ८५८, आणि सर्टिफिकेटवर दुरुस्ती उणे १. खरं तापमान ८५७, म्हणजे कंट्रोलर ७ अंश कमी दाखवतो आहे. कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे आकड्यात कायम मिळवायची दुरुस्ती, टाकून हा फरक पुसायचा मोह होतो. टाकायचाच तर तारीख आणि कारण लिहून टाका, आणि लक्षात ठेवा की तो त्या एकाच तापमानाला बरोबर असतो. फरक दर महिन्याला एकाच दिशेने वाढत असेल तर ऑफसेट वाढवत बसू नका. थर्मोकपल बदला.

भट्टीत सगळीकडे सारखं तापमान आहे का, ही तपासणी वेगळी. चौकोनी भट्टीत आठ कोपरे आणि मध्य धरून ९ थर्मोकपल लावतात. त्यासाठी कंट्रोलचा थर्मोकपल आधी बरोबर असावा लागतो.

आकडा कमी दाखवणारा रोग

के टाइपचा सगळ्यात घातक बिघाड म्हणजे क्रोमेलचं हिरवं कुजणं. ऑक्सिजन अगदी थोडा असताना, साधारण ८०० ते १०५० अंशांच्या दरम्यान, तारेतलं क्रोमियम तेवढं निवडून जळतं. मागे निकेल उरतं आणि व्होल्टेज घसरतं. कार्ब्युरायझिंग भट्टीतला हायड्रोजन तापलेल्या धातूच्या ट्यूबमधूनही आत झिरपतो, म्हणून ट्यूब फुटलेली नसतानाही हे होतं. आकडा हळूहळू कमी होत जातो, कंट्रोलर तेवढी उष्णता वाढवतो, आणि डिस्प्लेवर मात्र नेहमीचाच आकडा असतो. तार तुटली तर कंट्रोलर अलार्म देतो. इथे काहीच वाजत नाही. म्हणून जास्त तापमानाच्या सुरक्षेसाठी वेगळा कंट्रोलर आणि त्याचा वेगळा थर्मोकपल हवाच. एकाच थर्मोकपलवर दोन्ही चालवू नयेत.

ओळखायची खूण सोपी आहे. काढलेल्या थर्मोकपलच्या पॉझिटिव्ह तारेवरून चुंबक फिरवा. चांगलं क्रोमेल चिकटत नाही, कुजलेला भाग चिकटतो. तिथे तार वाकवली तर ती मोडते आणि आत हिरवट दिसतं.

दुसरा बिघाड मणी फुटल्याने होतो. दोन तारा मध्येच एकमेकींना टेकतात आणि कंट्रोलर टोकाचं सोडून त्या जागेचं तापमान दाखवतो. तो भाग भिंतीत असेल तर आकडा शेकडो अंश खाली येतो, त्यामुळे हा बिघाड लगेच लक्षात येतो.

बदललेला थर्मोकपल रॅकवर ठेवू नका. तो दिसायला चांगलाच असतो, आणि रात्रपाळीत घाई झाली की कुणीतरी तोच परत बसवतो. काढला की तारेचे दोन तुकडे करा. नव्याच्या हेडवर बसवल्याची तारीख, खोली आणि पहिल्या तपासणीतला फरक लिहिलेला टॅग लावा.