आधी गाणं समजून घ्या, मग कॅमेरा लावा: अ‍ॅनिमेटेड परीकथेचा लाइव्ह-अ‍ॅक्शन रिमेक करताना या चुका टाळा

१९९१ चा डिस्नेचा अ‍ॅनिमेटेड 'ब्यूटी अँड द बीस्ट' ८४ मिनिटांचा आहे. बिल कॉन्डनने दिग्दर्शित केलेला २०१७ चा लाइव्ह-अ‍ॅक्शन, म्हणजे खऱ्या नटांना घेऊन केलेला, चित्रपट १२९ मिनिटांचा. कथा तीच (शापाने पशू, म्हणजे बीस्ट, झालेला राजपुत्र, वस्तू झालेले त्याचे नोकर आणि त्याच्या किल्ल्यात कैद झालेली बेल), गाव तेच, काचेखालचा गुलाबही तोच. मग वरची ४५ मिनिटं गेली कशात? हे शोधायला मी दोन्ही चित्रपट वही घेऊन, थांबवत थांबवत, पाठोपाठ पाहिले. रिमेक करणारे ज्या खड्ड्यांत पडतात त्यातले बहुतेक त्या ४५ मिनिटांत सापडले, आणि त्यातून बाहेर पडायच्या दोन-तीन चांगल्या वाटाही तिथेच दिसल्या. २०१७ च्या चित्रपटाने जगभरात सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. त्यामुळे 'हा चालला नाही, म्हणून चुकला' असं इथे म्हणता येत नाही. चालूनही काय निसटलं, हे बघायचं आहे.

पटकथा लिहिणारे, फिल्मचं शिक्षण घेणारे, किंवा एखादी गाणारी परीकथा रंगमंचावर आणू पाहणारे, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

गाणं काढलं, पण त्याचं काम कुणाला दिलं?

सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जास्त वेळ थांबू.

आपण मराठी माणसं संगीत नाटकावर वाढलो. आपल्या कानाला सवय आहे की पद सुरू झालं की कथा जरा बाजूला बसते. गायक राग खुलवतो, 'वन्स मोअर' येतो, तेच पद पुन्हा होतं आणि मग गद्य पुढे सरकतं. त्यात गोडी आहे, पण हीच सवय घेऊन डिस्नेच्या या चित्रपटांकडे पाहिलं की घोटाळा होतो. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन आणि संगीतकार अ‍ॅलन मेंकन हे दोघंही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून अ‍ॅनिमेशनमध्ये आले होते. त्यांच्या चित्रपटात गाणं सुरू झालं की कथा थांबत नाही, उलट धावायला लागते. अ‍ॅशमनचा आग्रह असे की नायिकेला आयुष्यात काय हवंय, हे तिने सुरुवातीलाच गाऊन सांगितलं पाहिजे. प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो तो त्या क्षणी.

'ब्यूटी अँड द बीस्ट'चं पहिलंच गाणं घ्या. एक मुलगी टोपली घेऊन गावातून चालते. ते गाणं संपेपर्यंत आपल्याला गाव कळलेलं असतं, तिचं पुस्तकवेड कळलेलं असतं, गावाला ती विचित्र वाटते हे कळलेलं असतं आणि गर्विष्ठ शिकारी गॅस्टनने तिच्याशी लग्न करायचं मनात धरलंय हेही. गद्यात हेच सांगायला किमान चार प्रसंग लागले असते. मधलं ते छोटं, बर्फातलं गाणं आठवा, ज्यात दोघंही मनातल्या मनात कबूल करतात की समोरचा आपल्याला वाटला होता तसा नाही. ते उचलून बाजूला ठेवलं, तर कैद करणाऱ्यावर कैदी मुलगी प्रेम करू लागते हे पटवून देणारं त्या कथेत फारसं काही उरत नाही.

म्हणून गाणं कापण्याआधी कागदावर लिहा: हे गाणं सुरू होताना कुणाला काय माहीत नव्हतं, आणि संपताना काय माहीत झालं? उत्तर रिकामं आलं तर खुशाल कापा. २०२३ च्या 'द लिटिल मर्मेड'मधून स्वयंपाक्याचं माशांवरचं विनोदी गाणं गेलं. त्याने कथेत कुठेही भोक पडलं नाही. पण २०२० च्या 'मुलान'मध्ये पात्रांनी गायची सगळीच गाणी गेली. (मुलान ही परीकथा नव्हे, चिनी गाथागीतातून आलेली कथा आहे, पण १९९८ चा चित्रपट याच घाटाचा होता.) त्या जुन्या चित्रपटात छावणीतलं प्रशिक्षण एका गाण्यात होतं. नवशिक्यांची फजिती, नायिकेची चिकाटी, शेवटी तिचं खांबावर चढून जाणं आणि सगळ्यांनी तिला आपलं मानणं, सगळं एका चालीत. नव्या चित्रपटात ती चढण गद्यात आली आणि मला ती चढण वाटलीच नाही, एकेक सुटी पायरी वाटली.

गाणी काढायचीच नाहीत असं मुळीच नाही. केनेथ ब्रॅनाचा २०१५ चा 'सिंड्रेला' बघा. १९५० ची गाणी त्याने कथेतून काढली, पण मग चित्रपटाची बांधणीच गद्याची केली. आई-वडिलांचं घर, त्यांचं जाणं, राजपुत्राशी रानातली पहिली भेट, या सगळ्याला सावकाश वेळ दिला. तिथे निर्णय पूर्ण होता. घात करतो तो अर्धा निर्णय, म्हणजे गाणी काढायची पण सांगाडा गाण्यांचाच ठेवायचा.

अजून एक धोका संकलनाच्या टेबलावर असतो. १९८९ च्या 'द लिटिल मर्मेड'मधलं जलपरी एरियलचं मुख्य गाणं जवळजवळ कापलं जाणार होतं. चाचणी-प्रयोगात त्या गाण्याला मुलं चुळबुळ करायला लागली, आणि स्टुडिओच्या प्रमुखाला वाटलं की गाणंच कंटाळवाणं आहे. अ‍ॅशमन आणि दिग्दर्शक अडून बसले. खरी अडचण अशी होती की त्या वेळी पडद्यावर रंग न भरलेली, कच्ची रेखाटनं होती. चित्र पुरं झाल्यावर तेच गाणं बसलं. लाइव्ह-अ‍ॅक्शनमध्ये हा धोका दुप्पट होतो, कारण व्हीएफएक्स (संगणकाने घातलेली दृश्यं) लागेपर्यंत नटी निळ्या पडद्यासमोर, तारेला लटकून, कुणाशीच न बोलता गात असते. अशा कच्च्या तुकड्यावरून गाण्याचा निकाल लावू नका. लावायचाच असेल तर डोळे मिटून नुसतं ऐका आणि मग ठरवा.

कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

आता त्या ४५ मिनिटांकडे. २०१७ च्या चित्रपटात एक जादूचं पुस्तक येतं, जे बेलला पॅरिसला नेतं, आणि तिथे तिला कळतं की तिची आई प्लेगने गेली. मूळ चित्रपट पाहताना बेलची आई कुठे आहे, असं मला तरी कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. परीकथेत आई नसते, हे आपण लहानपणीच मान्य केलेलं असतं. बरं, ज्या पुस्तकाने कुठेही जाता येतं, ते हाताशी असताना पुढे वडील संकटात सापडतात तेव्हा त्याची कुणालाच आठवण होत नाही. एका प्रश्नाचं उत्तर द्यायला आणलेली वस्तू दुसरा, जास्त अवघड प्रश्न उभा करून जाते.

याच चित्रपटात याच्या अगदी उलट, नेमकी दुरुस्तीही आहे. जुन्या चित्रपटाचं एक गणित चाहत्यांना वर्षानुवर्षं टोचत होतं: शाप तोडायला दिलेली राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंतची मुदत आणि मेजवानीच्या गाण्यात नोकरांनी सांगितलेली दहा वर्षं जुळवली, तर शाप लागताना तो अकराच वर्षांचा ठरतो. नव्या चित्रपटात तो एकविसाव्या वर्षाचा उल्लेख गेला आणि गाण्यातल्या दहा वर्षांच्या जागी 'फार काळ' अशा अर्थाचे शब्द आले. शब्द बदलून जे भागतं, तिथे प्रसंग लिहू नये. पटकथेच्या प्रत्येक नव्या पानाला विचारा की हे काम एका शब्दात, एका नजरेत, एका वस्तूत होईल का.

चेहरा खरा झाला आणि भाव गेला

हाताने काढलेल्या चित्रात भुवई कपाळाच्या बाहेर जाऊ शकते. चहाची किटली गाताना फुगते, मेणबत्ती लाजताना वितळते. तीच किटली खऱ्या चिनी मातीची दिसायला हवी म्हटलं, की ती फुगू शकत नाही. २०१७ मध्ये मिसेस पॉट्सचा चेहरा किटलीच्या अंगावर रंगवलेल्या नक्षीत नेला. मेणबत्तीदाण आणि घड्याळाची कारागिरी इतकी बारीक झाली की दिवाणखान्याच्या मोठ्या चौकटीत त्यांचे डोळे शोधावे लागतात. २०१९ च्या 'द लायन किंग'मध्ये (तीही परीकथा नव्हे, पण रोग तोच) सिंह इतके खरे झाले की दुःख फक्त आवाजात राहिलं. खऱ्या सिंहाला रडवेली भुवई नसते. आणि रात्रीबद्दलचं प्रेमगीत तिथे लख्ख उजेडात चित्रित झालंय. शब्द एक सांगतात, चित्र दुसरं.

उपाय काय? गाण्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ निवडा. कॅमेरा त्या ओळीला ज्या अंतरावर असणार आहे, त्याच अंतरावरून साध्या करड्या मॉडेलवर ती म्हणवून बघा. भाव पोचला तरच सोन्याचं नक्षीकाम सुरू करा.

दुसरा मार्ग धाडसाचा आहे. फ्रेंच दिग्दर्शक झाँ कॉक्तोने १९४६ साली 'ब्यूटी अँड द बीस्ट'चीच मूळ फ्रेंच कथा पडद्यावर आणली. त्याच्या किल्ल्यात भिंतींमधून खरे मानवी हात बाहेर आले आहेत आणि त्यांनी दिवे धरले आहेत. त्यांना चेहरा नाही, गाणं नाही, तरी अंगावर काटा येतो. कॅमेऱ्याला काय जमतं, हे त्याने आधी विचारलं. रिमेक करणाऱ्याने 'चित्रातलं हे खऱ्यात कसं आणू' या प्रश्नावर अडून न बसता 'चित्राला जे जमलं नसतं असं माझ्याकडे काय आहे' इकडे वळायला हवं.

बीस्टच्या बाबतीत २०१७ च्या मंडळींनी हे केलं. बीस्ट झालेला डॅन स्टीव्हन्स सेटवर उंच काठ्यांच्या बुटांवर, जाड पोशाखात प्रत्यक्ष उभा राहिला, नाचला. चेहऱ्याचे भाव नंतर वेगळे टिपले. त्यामुळे बेल झालेल्या एमा वॉटसनची नजर हवेत न जाता माणसाच्या डोळ्यांत जाते आणि नाचताना वजन जाणवतं. शिवाय त्याला एक नवं गाणं मिळालं. १९९१ च्या चित्रपटात बीस्टला स्वतःचं गाणं नव्हतं, कारण अ‍ॅनिमेटर ग्लेन कीनच्या रेषेनेच त्याचं दुःख सांगितलं होतं. १९९४ च्या ब्रॉडवे नाटकात त्याला गाणं आलं ते पहिल्या अंकाच्या शेवटी, पडदा पडताना. चित्रपटात मध्यंतराचा पडदा नाही. म्हणून लोकप्रिय असूनही ते गाणं न घेता मेंकन आणि गीतकार टिम राइस यांनी नवं लिहिलं आणि ते ठेवलं बेलला सोडून दिल्यानंतर. ती घोड्यावरून दूर जाते आणि तो मनोऱ्याच्या पायऱ्या चढत तिला बघत राहतो. संगणकाच्या केसांखाली दबलेल्या चेहऱ्याला जे जमत नव्हतं ते गळ्याने केलं. त्या १२९ मिनिटांतली माझी सर्वांत आवडती जागा ती.

'द लिटिल मर्मेड'मधल्या समुद्राखालच्या नाचासाठी दिग्दर्शक रॉब मार्शलने २०२३ मध्ये असंच केलं. आधी आल्विन एलीच्या नृत्यसंस्थेतल्या नर्तकांकडून हालचाली बसवून घेतल्या आणि मग त्या जलचरांना दिल्या. संगणकावर थेट मासे नाचवले की ठेका बरोबर असतो, पण देह नसतो.

आवाज एकीकडे, श्वास दुसरीकडे

अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्र त्याच्यामागे येतं. गायिकेने जिथे श्वास घेतला, तिथे चित्रातली मुलगीही श्वास घेते. लाइव्ह-अ‍ॅक्शनमध्ये गाणं बंद स्टुडिओत मुद्रित होतं आणि नटी काही महिन्यांनी टेकडीवर धावत त्यावर ओठ हलवते. छाती धापा टाकतेय आणि आवाज शांत आहे, हे प्रेक्षकाला नेमकं सांगता येत नाही, पण 'खोटं वाटतंय' एवढं कळतं. प्लेबॅक असला तरी सेटवर खरंच, मोकळ्या गळ्याने गाऊ द्या. मग गळ्याच्या शिरा, मान, पोट आपोआप बरोबर येतात.

पट्टी मूळ गायिकेची घेऊ नका, समोरच्या नटीची घ्या. सूर यंत्राने सरळ करायची सवय तर फार महागात पडते. २०१७ मध्ये बेलच्या आवाजावरची सफाई माझ्या कानाला सतत जाणवत राहिली. थोडा कापरा, बोलल्यासारखा सूर या गाण्यांना शोभला असता, कारण ती मुलगी मैफल करत नाहीये, ती विचार करतेय.

डबिंगचा विचारही चित्रीकरणाआधी व्हायला हवा, आणि हे आपल्याकडच्या लोकांना जास्त कळेल. २०१९ च्या 'अलादीन'ला हिंदीत अरमान मलिकने आवाज दिला. रेखाटलेल्या तोंडाचे आकार मोजके असतात, त्यात कुठलीही भाषा सामावते. माणसाच्या जवळून घेतलेल्या ओठांवर प, ब, म चुकले की लगेच दिसतं. इंग्रजी ओळ 'यू'वर लांबत असेल तर मराठीत तिथे 'तू' बसेल, 'तुला' बसणार नाही. म्हणून गीतकाराला नुसता शब्दांचा कागद देऊ नका, चित्र द्या, आणि जवळच्या शॉटमधल्या ओळी त्याला आधी लिहू द्या.

नायिका 'आजची' करताना

थोडक्यात सांगतो. २०१७ ची बेल कपडे धुण्याचं यंत्र बनवते. कल्पना छान आहे, पण गावकरी ते मोडतात आणि पुढे कथेला त्या यंत्राची गरज पडत नाही. नायिकेला हुशार म्हटलं, तर त्या हुशारीने निदान एक कुलूप तरी उघडलं पाहिजे. ते जमत नसेल तर तिला पुस्तकं वाचू द्या. १९९१ मध्ये तेवढं पुरलं होतं, कारण बीस्ट तिला ग्रंथालय देतो तेव्हा त्या वाचनाला कथेत जागा मिळते.

शेवटी एक चाचणी, जी मी प्रत्येक अशा पटकथेवर करून बघतो. संवाद बाजूला ठेवायचे. ही कथा माहीत नसलेल्या एखाद्या माणसाला फक्त गाणी क्रमाने ऐकवायची, शब्दांचा अर्थ सांगत सांगत. संपल्यावर त्याला म्हणायचं, आता गोष्ट सांग. १९९१ च्या गाण्यांवर ही चाचणी मी एका दहा वर्षांच्या मुलीवर केली. तिने गाव सांगितलं, गर्विष्ठ शिकारी सांगितला, मेजवानी सांगितली, बर्फातलं मन बदलणं सांगितलं, नाच सांगितला आणि मशाली घेऊन निघालेली माणसं सांगितली. मग तिने विचारलं, "त्या माणसांना कुणी थांबवलं का?" तिथे गाणी संपतात आणि दिग्दर्शकाचं काम सुरू होतं.