हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळाला हात लावण्याआधी

ओहोटीला नुसतं बघायचं, फोटो काढायचे असतील तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली परवाना लागत नाही. नमुना घ्यायचा, खरवडायचं किंवा प्रवाळाची वसाहत (एकत्र वाढलेला समूह) हलवायची असेल तर लागतो. प्रवाळ, समुद्रपंखा (पंख्यासारखा पसरणारा प्रवाळ), डॉल्फिन, समुद्री कासव हे सगळे या कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका.

अर्ज कलम 12 खाली, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायचा. कारण शिक्षण, संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन असं कायद्यात दिलेलंच हवं. अनुसूची 1 मधल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते, म्हणून वेळ हाताशी ठेवा. अर्जात प्रजातीचं शास्त्रीय नाव, नमुन्यांची संख्या, जागेचे अक्षांश-रेखांश, तारखा आणि पद्धत स्पष्ट लिहा. ‘सागरी जीवांचा अभ्यास’ एवढंच मोघम लिहिलं तर कशाला परवानगी द्यायची हेच कळत नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात काम असेल तर कलम 28 खाली प्रवेशाचा परवाना वेगळा.

खडकावर मूळ परवाना सोबत ठेवा. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा. उलटा राहिला की खालच्या ओलाव्यातले जीव उन्हात सुकून मरतात.