आकाशात पट्टे, सावलीत दाणे: फोटो एक्सपोर्ट करताना या चुका टाळा

एडिट करताना संध्याकाळचं आकाश एकसंध दिसत होतं. जेपेग काढून उघडली, तर केशरीपासून निळ्यापर्यंत जिन्यासारखे पट्टे. ते घालवायला जावं तर सावल्यांत दाणे उठतात, आणि दाणे पुसले की पट्टे परत. बहुतेक लोक या दोन वेगळ्या तक्रारी समजून वेगवेगळे उपाय करतात. खरं तर थोडा नॉईज, म्हणजे हेच दाणे, पट्टे झाकतो, त्यामुळे दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आधी दोष फाइलमध्ये आहे का ते पाहा

फोटो १०० टक्के झूमवर पाहा. लहान झूमवर काही प्रोग्रॅम घाईने बनवलेला प्रिव्ह्यू दाखवतात आणि त्यात नसलेले पट्टे दिसू शकतात. बऱ्याच स्वस्त मॉनिटरांचं पॅनेल मुळात ६ बिटचं असतं (बिट जितके कमी, तितक्या रंगाच्या छटा कमी) आणि मधल्या छटा ते पिक्सेल झपाट्याने बदलून भासवतं. तिथे निर्दोष फाइलही पट्टेदार दिसते.

खात्रीचा उपाय म्हणजे आकडे वाचणं. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर कर्सर नेऊन लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आकडे बघा. फरक फक्त १ चा असेल तर ८ बिटमध्ये याहून बारीक पायरी नसतेच. फाइल ठीक आहे, फार तर थोडे दाणे मिसळावे लागतील. आकडा एकदम ३ किंवा ४ ने उडी मारत असेल, तर एडिटिंगमध्ये छटा हरवल्या आहेत. आणि पट्ट्यांऐवजी ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन दिसत असतील, तर दोष जेपेगच्या दाबणीचा आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक: ८ बिटमध्ये एडिटिंग

८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिट रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) १६,३८४. आता हिशेब करा. आकाशाचा निळा ३००० पिक्सेलच्या रुंदीत १८० पासून २१० पर्यंत जातो, म्हणजे ३० पायऱ्या, प्रत्येक १०० पिक्सेल रुंद. त्यावर कॉन्ट्रास्ट किंवा डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) देऊन तो भाग तिप्पट ताणला, की त्याच ३० पायऱ्या ९० आकड्यांवर पसरतात आणि मधले आकडे रिकामे राहतात. हिस्टोग्राम (छटांचा आलेख) कंगव्यासारखा दिसतो तो यामुळेच. अशी जेपेग नंतर १६ बिटमध्ये बदलल्याने गेलेल्या छटा परत येत नाहीत. पुढचं नुकसान तेवढं टळतं.

म्हणून रॉ फाइल सुरुवातीपासून १६ बिटमध्ये उघडा आणि शेवटपर्यंत तशीच ठेवा. ८ बिटवर उतरताना फोटोशॉप लेयर एकत्र करायचे का असं विचारतं. तिथे ‘मर्ज’ निवडा. नाही म्हटलं, तर रंग-उजेडाचे बदल साठवणारे सगळे अ‍ॅडजस्टमेंट लेयर ८ बिटमध्ये नव्याने मोजले जातात आणि इतका वेळ पाळलेली शिस्त एका क्लिकमध्ये वाया जाते.

प्रोफोटो आरजीबी या मोठ्या रंगकक्षेत ८ बिट जेपेग काढणं ही याच जातीची चूक. रंगांचा पसारा मोठा, पायऱ्या तेवढ्याच, म्हणून प्रत्येक उडी मोठी. स्क्रीनसाठी एसआरजीबी ही लहान रंगकक्षा पुरे. ‘पीएनजी-८’ या नावालाही फसू नका: तिथे ८ बिट प्रत्येक रंगाला नसून अख्ख्या चित्राला २५६ रंग मिळतात.

नॉईज किती पुसायचा

सावल्या दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलल्या की तिथला नॉईजही तितकाच उचलला जातो. मग ल्युमिनन्स (उजेडातले दाणे पुसणारा) स्लायडर ६०-७० वर नेला जातो. दाणे जातात, पण पायऱ्यांच्या कडा मोडणारी नैसर्गिक भुरभुरही जाते, आणि चेहरे मेणाचे दिसतात ते वेगळंच. रंगीत ठिपके मात्र निर्धास्त पुसा. लाइटरूममध्ये रॉ फाइलला कलरचं २५ हे मूळ मूल्य बहुधा पुरतं. ल्युमिनन्स १:१ झूमवर पाहत, दाणे खुपेनासे होतील तिथेच थांबवा.

शार्पनिंगही (कडा ठळक करणं) आकाशावर दाणे उठवतं. मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून सरकवा. काळ्या दिसणाऱ्या भागाला शार्पनिंग लागत नाही. आकाश काळं होईपर्यंत न्या. एक्सपोर्टमधलं आउटपुट शार्पनिंग यावर आणखी चढतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. नॉईज फक्त एक्सपोर्टनंतर वाढलेला वाटत असेल, तर ते बंद करून एकदा पाहा.

चार पिक्सेलांचा सरासरीने एक केला की विखुरलेला नॉईज साधारण निम्मा होतो. म्हणून फोटो वेबसाठी लहान करणार असाल, तर पूर्ण आकारावर नॉईजशी झुंजत बसू नका. आधी लहान करून बघा.

पट्टे मोडण्यासाठी दाणे टाका

फोटो लहान करून झाला, शार्पनिंग झालं, पण अजून १६ बिटमध्येच आहात: ही योग्य वेळ. आकाश निवडून अ‍ॅड नॉईज फिल्टर १ ते २ टक्क्यांवर, गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक ठेवून लावा. मोनोक्रोमॅटिक विसरलात तर रंगीत ठिपके येतील. आकारात बदल करण्यापूर्वी दाणे टाकले, तर लहान करताना ते पुन्हा विरतात.

मग ८ बिट, मग जेपेग. इथे क्वालिटी ६० ठेवली तर कॉम्प्रेशन नेमके हेच बारीक दाणे आधी खातं. लाइटरूममध्ये ८५ ते ९०, फोटोशॉपच्या १२ च्या मापावर १० किंवा वर ठेवा. क्वालिटी ६ आणि त्याखाली असेल तर फोटोशॉप रंगाची माहितीही कमी तपशिलाने साठवतं, त्यामुळे लाल कडा फिसकटतात. ‘लिमिट फाइल साइज’ची खूण काढा, ती असली की क्वालिटी तुमच्या हातात राहत नाही. दाण्यांमुळे फाइल थोडी फुगेल, ते मान्य करावं लागतं.

तयार जेपेग पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह करू नका. दुरुस्ती मूळ फाइलवर करून नव्याने काढा. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर तिथे पुन्हा दाबली जाते.

एवढं करूनही फोटोभर सरळ आडव्या रेषा राहिल्या, तर एक्सपोर्टला दोष देऊ नका. एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यावर त्या येतात. मेकॅनिकल शटर घ्या, आणि वेग ५० हर्ट्झच्या विजेवर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२० ठेवा.