‘स्पेस’ आणि ‘पेस’चे इंग्रजी वाक्प्रचार लक्षात ठेवायचे तर

‘स्पेस’ म्हणजे जागा आणि ‘पेस’ म्हणजे वेग एवढंच पाठ केलं, की वाक्प्रचारात हमखास अडायला होतं. मुलीचा अभ्यास घेताना एक सोपी युक्ती सापडली: शब्दाचा अर्थ लिहायचाच नाही, शेजारी मराठीतला जोडीदार लिहायचा.

१. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आपला वाक्प्रचार.

२. ‘स्टेअर इंटू स्पेस’ला शून्यात बघत बसणे. ही जोडी तर इतकी चपखल, की एकदा वाचली की विसरत नाही! ‘ब्रीदिंग स्पेस’ला उसंत. ‘गिव्ह मी सम स्पेस’ला जरा मोकळीक दे, इथे ‘जागा दे’ म्हटलं तर बाकावर सरकून बसायला सांगितल्यासारखं होतं. ‘ॲट अ स्नेल्स पेस’ला गोगलगायीच्या गतीने, ‘पुट समथिंग थ्रू इट्स पेसेस’ला कस लावून पाहणे.

३. प्रत्येक जोडीवर घरातलं एक खरं वाक्य करा. नवा मिक्सर घेतला, पहिल्याच दिवशी इडलीचं पीठ वाटून त्याचा कस पाहिला, असं.

जपायचं एवढंच: ‘वॉच धिस स्पेस’सारख्याला ओढूनताणून जोडीदार शोधू नका. ‘पुढची बातमी लवकरच’ असं साधं लिहा.