केस कापल्याचे कुणाच्या लक्षात न येता ते नीटनेटके कसे ठेवावेत?

केस वाढलेले जसे लोकांच्या डोळ्यांवर येतात, तसेच ते नुकतेच कापलेलेही येतात. कार्यालयात पाऊल ठेवताच "काय, आज कटिंग केली वाटतं?" हा प्रश्न ज्यांना नकोसा वाटतो, त्यांनी या दोन्ही अवस्था टाळायला हव्यात. त्याला उपाय एकच, तो म्हणजे थोडे थोडे आणि वेळच्या वेळी कापणे. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. दोन महिने थांबून एकदम कापले, तर एका बैठकीत चेहराच निराळा दिसू लागतो. दर १५ ते २० दिवसांनी गेल्यास जेमतेम अर्धा सेंटिमीटर निघतो आणि तो घरच्यांनाही जाणवत नाही.

सोलापुरात अनेक घरांमध्ये सोमवारी, शनिवारी, एकादशीला आणि अमावस्येला केस कापत नाहीत, त्यामुळे रविवारी सकाळी सलूनमध्ये झुंबड उडते. अशा गर्दीत कात्रीचे काम मशीनवर उरकले जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी निवांत वेळ साधावी. लग्नकार्य असो की जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आदल्या दिवशी केस कापू नयेत. चार-पाच दिवस आधी कापले, म्हणजे कडा मऊ होतात आणि केस आपल्या वळणावर बसतात.

खुर्चीत बसल्यावर "मीडियम करा" एवढेच सांगणे पुरेसे नाही, कारण प्रत्येक कारागिराचे मीडियम वेगळे असते. मशीनच्या टोप्यांचे नंबर माहीत असावेत: बहुतेक मशीनमध्ये १ नंबरची टोपी ३ मिलिमीटर, २ नंबरची ६, ३ नंबरची सुमारे १० आणि ४ नंबरची सुमारे १३ मिलिमीटर केस ठेवते. तरीही माझ्या मते बाजूचे केस कंगवा आणि कात्रीनेच कापून घ्यावेत. मशीन जिथे थांबते आणि कात्री जिथे सुरू होते, तिथे एक पायरी उमटते आणि तीच लांबून दिसते. ओले केस ताणले जाऊन लांब भासतात व वाळल्यावर आखडतात, तेव्हा पाणी मारून कापत असल्यास हात राखूनच कापायला सांगावे. डोक्यावरच्या भोवऱ्यापाशी तर कात्री जपूनच चालावी; तिथले केस आखूड झाले की ते उभे राहतात आणि तेल लावूनही दिवसभर बसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोटाळा मानेवर होतो. दुचाकीवरून उन्हातान्हात फिरणाऱ्या सोलापूरकराची मान रापलेली असते, पण केसांखालची कातडी उजळ राहते. कारागिराने हौसेने वस्तरा थोडा वर नेऊन सरळ रेघ मारली, की बोटभर रुंदीचा पांढुरका पट्टा उघडा पडतो आणि मागच्या बाकावरच्या माणसालाही केस आजच कापले आहेत हे कळते. पुढे चार दिवसांनी तिथेच खुंट उगवतात, काहींना पुरळही येते. त्यामुळे "दादा, मागे वस्तरा लावू नका, केसांची मूळ कड आहे तशी राहू द्या, खालचे सुटे केस तेवढे मशीनने काढा," असे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. कल्ल्यांनाही हेच लागू आहे. ते एकदम वर चढवले तर कानापुढे तसाच उजळ चौकोन दिसतो. दोन्ही कल्ले सारखे आहेत की नाहीत, हे कानांवरून जोखू नये, कारण पुष्कळांचे कान किंचित वरखाली असतात. समोर आरशात पाहून दोन्हीकडे एकेक बोट आडवे धरावे. तरीही वस्तरा वापरायचाच असेल, तर पाते नवे घालायला लावावे, त्यात संकोच करू नये.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि डोके हलके करण्याचा मोह होतो. तेव्हाही ४ नंबरवरून थेट १ वर येऊ नये. मार्चमध्ये ४, पुढच्या खेपेला ३ आणि मग २, असे उतरत गेल्यास उन्हाळ्यापर्यंत केस आखूड झालेले असतात आणि कुणी वळून पाहत नाही.

दोन खेपांच्या मधल्या काळात घरी एवढेच करावे: आठवड्यातून एकदा मानेवरचे आणि कानामागचे सुटे केस छोट्या ट्रिमरने काढावेत. त्यासाठी पाठीमागे मोठा आरसा आणि हातात छोटा आरसा असावा. हात नेहमी खालून वर केसांच्या कडेपर्यंतच न्यावा, कडेच्या आत शिरू नये. खांद्यावर जुन्या धोतराचा किंवा चादरीचा गुळगुळीत तुकडा घ्यावा. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम असला, तरी या कामाचा नाही, कारण त्याच्या फासांमध्ये बारीक केस अडकतात आणि मग ते धुऊनही निघत नाहीत. कानावरचे, नाकातले आणि भुवयांमधले लांब केस बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने कापावेत, उपटू नयेत. हे सारे आंघोळीआधी उरकावे, म्हणजे कॉलरवर केसांचा तुकडाही उरत नाही.