एका गेटच्या साइटवर माल कसा आणावा

दादर, गिरगाव, माटुंग्यातल्या पुनर्विकासाच्या साइटला बहुतेकदा एकच गेट असतं आणि समोर गाडी थांबवायला जागा नसते. तिथे कोणती गाडी किती वाजता येणार, हे त्या गेटवरून ठरवावं लागतं.

आधी वाट मोजा, तीही रात्री, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना. मिक्सर, म्हणजे फिरत्या ड्रममधून तयार काँक्रीट आणणारा ट्रक, साधारण अडीच मीटर रुंद असतो आणि वळताना मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात. लोंबत्या केबल आणि फांद्याही बघा. सहा घनमीटर काँक्रीट भरलेला मिक्सर २५ टनांच्या आसपास जातो. सोसायटीची जुनी जमिनीखालची पाण्याची टाकी वाटेत असेल, तर तिचा स्लॅब हा भार पेलेल असं धरून चालू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, नाहीतर वाटच बदला.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी लागते. समजा ६० घनमीटर काँक्रीट हवंय, म्हणजे दहा खेपा. साइटवरच्या काँक्रीट पंपात एक मिक्सर रिकामा व्हायला २० मिनिटं, काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवर भरायला १०, जायला ४५, परतायला ४५: एक फेरी १२० मिनिटांची. पंप थांबू नये म्हणून दर २० मिनिटांनी एक मिक्सर हवा: १२० भागिले २० म्हणजे सहा मिक्सर. प्रवास दोन्ही वेळा २० मिनिटांनी लांबला, की आठ लागतात. जास्त मागवले तर ते गल्लीत रांग लावतात आणि ड्रममधलं काँक्रीट घट्ट होत जातं. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४९२६) भरल्यापासून दोन तासांत ते उतरायला हवं. म्हणून मालासोबतच्या चलनावरची (पावतीवरची) भरण्याची वेळ गेटवरच वाचा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालू देऊ नका; ताकद तिथेच जाते. गाडी परत पाठवा.

गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते आणि तिच्या वेळा रस्त्यागणिक बदलतात. चालू आदेश वाहतूक चौकीतून घ्या. रात्री दहा ते सहा आवाजाचे नियम कडक असतात. त्यामुळे दुपार काँक्रीटसाठी राखून ठेवा आणि डेब्रिजचा (राडारोड्याचा) डंपर त्या वेळेत अजिबात बोलवू नका. डंपरवर ताडपत्री हवी, चाकं धुऊनच तो रस्त्यावर जावा.

बारा मीटरच्या सळया घेऊन ट्रेलर गल्लीत वळत नाही. सळया पुरवठादाराच्या यार्डातून कापून-वाकवून मागवा, प्रत्येक गठ्ठ्याला कॉलम-बीमचा टॅग लावून घ्या आणि आधी लागणारा गठ्ठा वर ठेवायला सांगा. वजन पडताळायला मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते कळतं: १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो भरते.

रेती ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर, घेताना ओल तपासा. ओलसर बारीक रेती फुगते आणि माप भरल्यासारखं दिसतं. वजनावर घेतली तर ओलीचं पाणी वजा करा. सिमेंटची थप्पी दहा गोण्यांहून उंच नको, खाली फळ्या हव्यात, आणि पावसाळ्यात आठवड्याला पुरेल एवढंच सिमेंट मागवा.